प्रोजेक्टर दहा वर्षं चालेल, पण चित्र?

थिएटरचा पडदा एका रात्रीत अंधारत नाही. दिव्याचा उजेड रोज किंचित उतरतो, काचेवर धूळ बसते, पडदा पिवळसर होत जातो आणि रोज तेच चित्र पाहणाऱ्या ऑपरेटरच्या डोळ्यांना त्याची सवय होऊन जाते. मग एखाद्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून आलेला प्रेक्षक मध्यंतरात विचारतो, "पिक्चर काळपट का दिसतोय हो?" यंत्र सुरू असतं, एकही शो रद्द झालेला नसतो, तक्रारवही कोरी असते, आणि तरी निम्मा उजेड गेलेला असतो.

प्रोजेक्टर घेताना बहुतेक जण माहितीपत्रकातला पहिल्या दिवसाचा आकडा बघतात. माझं म्हणणं असं की पाचव्या-सातव्या वर्षी पडद्यावर काय पडणार, ते बघून यंत्र घ्यावं आणि पहिल्या दिवसापासून त्याची लेखी नोंद ठेवावी. तालुक्याच्या गावचं सिंगल स्क्रीन किंवा दोन-तीन पडद्यांचं छोटं मल्टिप्लेक्स चालवणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

पायरी १ : मोजायचं कशाशी, ते ठरवा

हॉलिवूडच्या सात स्टुडिओंनी २००२ मध्ये डीसीआय (डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्हज) ही संस्था काढली आणि जुलै २००५ मध्ये डिजिटल सिनेमाचे तांत्रिक निकष जाहीर केले. त्यातले चार-पाच आकडे बूथच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. पूर्ण पांढऱ्या चित्राचा उजेड पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरून परतणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे ४८ कँडेला प्रति चौरस मीटर. थिएटरला यात सुमारे ३ फूट-लॅम्बर्ट इकडे-तिकडे चालतात. पांढऱ्या रंगाचा बिंदू, म्हणजे रंगांच्या नकाशावरची त्याची जागा, x ०.३१४ आणि y ०.३५१, थिएटरसाठी सूट ०.००६. गॅमा (काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारा आकडा) २.६. चित्र २०४८ × १०८० किंवा ४०९६ × २१६० पिक्सेलचं. पडद्याच्या कडा आणि कोपरे मध्यापेक्षा थोडे मंद असणारच, पण मध्याच्या ७० ते ७५ टक्क्यांच्या खाली गेले की काहीतरी बिघडलंय असं समजा.

आपल्याकडे 'डिजिटल' म्हणून जे आधी आलं ते यातलं नव्हतं. २००५ च्या आसपास उपग्रहावरून सिनेमा पोचवणारी जी व्यवस्था छोट्या गावांत शिरली, ती ई-सिनेमाची होती. यंत्रं स्वस्त, बरीचशी एका चिपची (चिप म्हणजे चित्र घडवणारा भाग), आणि रंगांचा आवाका कमी. रिळांचे ओरखडे आणि तुटलेल्या प्रिंटा यांतून थिएटरं सुटली हे तिचं श्रेय आहेच. पण जुनं यंत्र विकत घेत असाल तर ते कोणत्या जातीचं आहे हे सगळ्यात आधी विचारा. डीसीआय नसलेल्या यंत्रावर हॉलिवूडचे मोठे सिनेमे मिळत नाहीत, आणि वरच्या आकड्यांशी त्याचं चित्र जुळवण्याची खटपटही वाया जाते.

पायरी २ : आधी पडदा मोजा, मग यंत्र बघा

सूत्र सोपं आहे: पडद्याचं क्षेत्रफळ चौरस फुटांत, गुणिले १४, भागिले पडद्याचा गेन, म्हणजे पडदा उजेड प्रेक्षकाकडे किती परतवतो तो आकडा. उत्तर येतं ल्युमेनमध्ये, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाच्या मापात. साध्या पांढऱ्या मॅट पडद्याचा गेन १ धरा.

समजा तुमचा स्कोप (जास्त रुंद चित्राचा) पडदा ४० फूट रुंद आहे. २.३९ च्या प्रमाणात उंची पावणेसतरा फूट, क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस फूट. ६७० गुणिले १४ म्हणजे ९,३८० ल्युमेन. बरेच जण इथेच थांबतात, आणि पुढची सगळी वर्षं अंधारात काढतात. स्कोप सिनेमात चिपच्या १०८० ओळींपैकी फक्त ८५८ ओळी वापरल्या जातात. उरलेल्या ओळींवर पडलेला उजेड वाया जातो, म्हणून आकडा ११,८०० वर जातो. बूथच्या खिडकीची साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून ८ टक्के उजेड खाते, की झाले १२,८०० च्या पुढे. आता यात म्हातारपणाची तरतूद करा. झेनॉन दिवा (झेनॉन वायू भरलेला प्रोजेक्टरचा दिवा) वॉरंटीच्या तासांच्या शेवटी पाव ते तिसरा हिस्सा उजेड गमावून बसलेला असतो. तो धरला तर खरी गरज १८,००० ल्युमेनच्या घरात जाते, म्हणजे पहिल्या हिशोबाच्या जवळजवळ दुप्पट.

विक्रेत्याला इथे एक प्रश्न लेखी विचारा: हा आकडा रंग जुळवण्याआधीचा की नंतरचा? पांढरा बिंदू निकषावर आणताना जास्त असलेला रंग कापावा लागतो आणि त्यात उजेड जातो. शिवाय काही माहितीपत्रकांत फक्त मध्यावरचा उजेड मोजलेला असतो, काहींत सगळ्या पडद्याची सरासरी. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ते एकाच पद्धतीने मोजलेत का, हे बघा.

थ्रीडीसाठी चंदेरी पडदा लावायचा मोह आवरता आला तर आवरा. त्याचा गेन जास्त असल्याने मध्यावरचा आकडा झकास येतो, पण कडेच्या खुर्चीवरून अर्धा पडदा विझल्यासारखा दिसतो. वर्षातून दोन थ्रीडी सिनेमे लावणाऱ्या गावात उरलेल्या पन्नास आठवड्यांचं चित्र त्यासाठी खराब करण्यात काय शहाणपण?

पायरी ३ : झेनॉन की लेझर

चार शो, प्रत्येकी तीन तास, म्हणजे वर्षाला साधारण ४,३०० तास. चार किलोवॅटच्या आसपासच्या झेनॉन दिव्याला हजारभर तास मिळतात, म्हणजे वर्षाला चार दिवे. दिवा जितका मोठा तितके तास कमी. झेनॉनच्या बाजूने सांगण्यासारखं म्हणजे रंग. त्याचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे तो कुणाच्याही डोळ्यांना जवळपास सारखाच दिसतो. नवा दिवा घातला की उजेडही बऱ्याच अंशी परत येतो.

लेझरमध्ये दोन जाती आहेत. लेझर-फॉस्फरमध्ये निळं लेझर फिरत्या फॉस्फरच्या चाकावर पडून पिवळा प्रकाश तयार होतो. सिनेमाला लागणारा शुद्ध लाल-हिरवा त्यातून गाळून काढावा लागतो आणि गाळण्यात उजेड जातो. आरजीबी लेझरमध्ये तिन्ही रंगांची स्वतंत्र लेझरं असतात. रंग गडद, किंमत जास्त. त्यात चंदेरी पडद्यावर वाळू पसरल्यासारखी बारीक चमचम दिसू शकते. म्हणून प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या हॉलमध्ये न बघता आपल्याच पडद्यावर मागून घ्या.

लेझरच्या आयुष्याचा आकडा मात्र नीट वाचा. "३०,००० तास" असं दोन्ही माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. एकात त्याचा अर्थ असतो की तेवढ्या तासांनी ८० टक्के उजेड शिल्लक राहील. दुसऱ्यात अर्थ असतो की ५० टक्के राहील. वर्षाला ४,३०० तास धरले तर ३०,००० तास म्हणजे सात वर्षं. वरच्या ४० फुटी पडद्याला सातव्या वर्षीही १२,८०० ल्युमेन हवे असतील, तर पहिलं यंत्र १६,००० चं घेतलं तरी चालतं, दुसरं जवळजवळ २६,००० चं घ्यावं लागेल. छापलेला आकडा एकच, पण दोन यंत्रांच्या किमतीत केवढा फरक पडला बघा! शिवाय हे तास कोणत्या तापमानाला आणि किती टक्के ताकदीवर धरलेत, तेही विचारा. लाल लेझराला उष्णता विशेष सोसत नाही.

पायरी ४ : चिप आणि तिचं म्हातारपण

थिएटरांतली बहुसंख्य यंत्रं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीएलपी चिपवर चालतात. बार्को, क्रिस्टी, एनईसी सगळ्यांच्या पोटात तीच. लाल, हिरवा, निळा अशा तीन चिपा, आणि २के (२०४८ × १०८० पिक्सेलच्या) यंत्रात प्रत्येकीवर सुमारे २२ लाख सूक्ष्म ॲल्युमिनियमचे आरसे. आरसा उन्हा-उष्णतेने फिका पडत नाही, म्हणून या यंत्रांचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. बिघडतो तो एखादा आरसा: तो अडकला की पडद्यावर कायमचा लाल, हिरवा किंवा निळा ठिपका. लिक्विड क्रिस्टलवर आधारलेल्या यंत्रांत मात्र प्रकाशाच्या वाटेवर ध्रुवीकरणाचे पापुद्रे असतात. अतिनील किरण आणि उष्णता यांनी ते थकले की चित्राच्या एखाद्या भागावर पिवळी किंवा निळी छटा चढते आणि ती साफसफाईने जात नाही.

जुनं यंत्र बघायला गेलात की सिनेमाचं ट्रेलर लावू देऊ नका. पूर्ण पांढरा, मग मध्यम राखाडी, मग पूर्ण काळा पडदा लावायला सांगा. राखाडीवर जे डाग दिसतात ते ट्रेलरमध्ये कधीच दिसत नाहीत.

२के की ४के यावर वाद घालायला लोकांना आवडतं. माझ्या मते १४ फूट-लॅम्बर्टचं २के चित्र ९ फूट-लॅम्बर्टच्या ४के चित्राला कधीही हरवतं. पैसे उरले तर ४के घ्या.

पायरी ५ : बूथ तयार करा

धूळ, उष्णता, दमट हवा आणि वीज. आपल्याकडे प्रोजेक्टरचे खरे वैरी हेच.

झेनॉनच्या यंत्राला गरम हवा बाहेर फेकणारा डक्ट लागतो, आणि त्यातून दर मिनिटाला किती हवा खेचली गेली पाहिजे ते यंत्राच्या पुस्तकात दिलेलं असतं. डक्टच्या पंख्यावर धुळीचा थर बसला की ओढ कमी होते आणि दिवा, परावर्तक दोन्ही भाजतात. पॉपकॉर्नच्या मशीनची हवा बूथमध्ये येत असेल तर ती वाट आधी बंद करा. तेलाचा सूक्ष्म थर धुळीला धरून ठेवतो, मग ती फुंकरीने निघत नाही.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातली चार महिन्यांची ओल लेन्सवर बुरशी आणते आणि समुद्राची खारी हवा जोडण्यांवर गंज. शो सुरू असताना बूथ बर्फासारखा थंड आणि रात्री सगळं बंद, हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण बाहेरची दमट हवा थंड काचेवर येऊन पाणी होते. त्यापेक्षा एसी मध्यम ठेवा आणि रात्री ओलावा शोषणारं यंत्र चालू राहू द्या. जादा लेन्स असेल तर ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. उंदीर आणि पाली यांना हसू नका, केबलची भोकं जाळीने बंद करा.

विजेचं म्हणाल, तर दिवा यूपीएसवर नसला तरी चालतो, पण पंखे आणि इलेक्ट्रॉनिक्स असलेच पाहिजेत. ऐन शोमध्ये वीज गेली आणि पंखेही थांबले, की तापलेला दिवा स्वतःच्याच उष्णतेत शिजतो. जनरेटर सुरू झाला म्हणून लगेच दिवा पेटवू नका. प्रत्येक पेटवणीत इलेक्ट्रोडची झीज होते.

पायरी ६ : पहिल्या दिवसाची जन्मपत्रिका

यंत्र बसवणारा माणूस गावातून निघण्याआधी हे करून घ्या. नंतर करता येत नाही.

यंत्र अर्धा तास तापू द्या. हॉलमधले सगळे दिवे बंद करा. पूर्ण पांढरा पडदा लावा. हॉलच्या मध्यरेषेवर, पुढून दोन-तृतीयांश अंतरावरच्या खुर्चीत बसून स्पॉट मीटरने (दुरून एका ठिपक्याचा उजेड मोजणाऱ्या यंत्राने) नऊ ठिकाणी मोजा: मध्य, चार कोपरे, चार बाजूंचे मध्य. पडद्याशी उभं राहून प्रोजेक्टरकडे तोंड करून मोजलेला उजेड इथे कामाचा नाही, कारण प्रेक्षकाला दिसतो तो पडद्यावरून परतलेला उजेड. मग हेच फ्लॅटसाठी (कमी रुंद चित्रासाठी) आणि स्कोपसाठी वेगवेगळं करा. पांढरा, लाल, हिरवा, निळा यांचे x-y आकडे लिहा. झेनॉनला चांगला कलरीमीटर (रंग मोजणारं यंत्र) पुरतो, पण लेझरचे रंग इतक्या अरुंद पट्ट्यांत असतात की साधा कलरीमीटर फसतो. तिथे प्रकाशातली प्रत्येक छटा वेगळी मोजणारा स्पेक्ट्रोरेडिओमीटर लागतो. तो विकत घेण्याची गरज नाही, वर्षातून एकदा तो घेऊन येणारा तंत्रज्ञ करारात बांधून घ्या.

आकड्यांशेजारी दिव्याचे तास, करंट किंवा लेझरची टक्केवारी, बूथचं तापमान आणि तारीख लिहा. आणि एक स्वस्तातली युक्ती: पडदा बसवताना कापून उरलेला, छिद्रांसहितचा हातभर तुकडा काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. पाच वर्षांनी तो पडद्यासमोर धरून दोन्हींवर मीटर लावला की पडद्याने किती उजेड गमावला ते लगेच कळतं. हा तुकडा नसेल तर बिचारा प्रोजेक्टर पडद्याच्या पापाचीही शिक्षा भोगतो.

पायरी ७ : रोजचं, महिन्याचं, वर्षाचं

रोज पहिल्या शोआधी चाचणीचं चित्र लावून फोकस आणि कडा बघा, पण यंत्र तापल्यावर. थंड असताना जुळवलेला फोकस अर्ध्या तासात सरकतो.

दर आठवड्याला बूथच्या खिडकीची काच. ऑपरेटर आतली बाजू पुसतो, पण हॉलकडच्या बाजूला शिडी लावावी लागते म्हणून ती तशीच राहते. विजेरी तिरकी धरून बघा, तेलकट धुळीचा पडदा दिसेल. काच स्वच्छ केल्यावर काळा रंग अचानक काळा दिसू लागतो, कारण पसरलेला उजेड थांबतो.

हवेच्या फिल्टरचं वेळापत्रक पुस्तकात असेल त्याच्या निम्म्यावर आणा. जत्रेच्या दिवसांत किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर आणखी लवकर. लेन्स आधी हवेच्या फुग्याने झटका, मग गरज असेल तरच लेन्सच्या कापडाने पुसा. सदऱ्याच्या टोकाने पुसलेल्या लेन्सा मी भरपूर पाहिल्या आहेत.

महिन्यातून एकदा मध्यावरचा उजेड मोजून वहीत लिहा. झेनॉनचा नवा दिवा सुरुवातीपासून पूर्ण करंटवर चालवू नका. १४ फूट-लॅम्बर्टला पुरेल एवढ्यावर सुरू करा आणि उजेड उतरेल तसा करंट वाढवत न्या. मात्र दिव्याच्या किमान करंटखाली गेलात तर ज्योत थरथरते आणि चित्र लुकलुकतं. लेझरलाही हेच लागू. कायम सारखा उजेड राखणारी सोय असेल तर ती चालू ठेवा आणि महिन्याला टक्केवारी टिपा. ती ९० च्या पुढे गेली की नव्या यंत्राच्या पैशांची तयारी सुरू करा.

दिवा बदलताना गंमत नको. झेनॉनच्या दिव्यात थंड असतानाही कित्येक वातावरणांइतका दाब असतो. तोंडावर ढाल, जाड हातमोजे, अंगात जाड कोट, आणि यंत्र पूर्ण गार झालेलं. क्वार्ट्झला उघडं बोट लागलं तर तो डाग तापून तिथेच दिवा फुटू शकतो. काढलेला जुना दिवाही तेवढाच धोक्याचा, तो त्याच्या पेटीतच बंद करा. नवा बसवल्यावर दिव्याची जागा डोळ्यांनी न जुळवता मीटर बघत जुळवा. नीट न जुळवलेला नवा दिवा जुन्याइतकाच उजेड देतो आणि मग दिव्याच्या कंपनीला शिव्या बसतात.

पायरी ८ : चित्र बिघडलं तर शोध कुठून सुरू करायचा

सगळीकडे सारखाच उजेड कमी असेल तर बाहेरून आत या. दिव्याचे तास बघा. मग खिडकीची काच पुसून मोजा, काच काढून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे काचेची खरी किंमत. मग पडद्याचा राखून ठेवलेला तुकडा. इथवर काही सापडलं नाही तरच यंत्र उघडायची वेळ येते. आत बहुधा दोषी निघतो परावर्तक, नाहीतर प्रकाश एकसारखा मिसळणारा काचेचा इंटिग्रेटर रॉड. दिव्याकडच्या त्याच्या टोकावर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि धुळीने पांढुरकी साय धरते. हे काम तंत्रज्ञाचंच, पण "दिवा बदला" म्हणून निघून जाणाऱ्या तंत्रज्ञाला रॉड पाहिला का, एवढं विचारायचा हक्क तुमचा आहे.

पांढऱ्या अक्षरांना रंगीत किनार दिसत असेल तर तिन्ही चिपांचा मेळ सरकलाय. मध्य उजळ आणि कडा मंद असतील तर दिव्याची जुळणी. सगळा पांढरा रंगच पिवळसर किंवा हिरवट झाला असेल तर रंगांची जुळणी पुन्हा करून घ्या. काळा राखाडी दिसत असेल तर यंत्राला हात लावण्याआधी पायऱ्यांवरचे दिवे आणि बाहेर जाण्याच्या पाट्या पडद्यावर उजेड टाकतायत का ते बघा.

पायरी ९ : कागदपत्रं आणि एक छोटी बॅटरी

महाराष्ट्रातली थिएटरं मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबरमध्ये उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद होऊन २२ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. इतका काळ वीज तोडून ठेवलेल्या यंत्रांना एक वेगळाच धोका असतो. सिनेमाचं कुलूप उघडणाऱ्या सुरक्षा-किल्ल्या ज्या मीडिया ब्लॉकमध्ये (यंत्रातल्या सिनेमा उलगडणाऱ्या भागात) असतात, त्यांची आठवण एका बॅटरीवर टिकते. ती पूर्ण उतरली की किल्ल्या पुसल्या जातात आणि ब्लॉक थेट कंपनीकडे पाठवावा लागतो. थिएटर नूतनीकरणासाठी बंद ठेवणार असाल तरी यंत्र ठरावीक दिवसांनी काही तास चालू ठेवा, दिवा न पेटवता.

यंत्र भाडेकरारावर असेल तर मुदत संपल्यावर ते कुणाचं, दिव्याचे पैसे कुणी द्यायचे आणि उजेड १४ वर ठेवण्याची जबाबदारी कुणाची, ही तीन कलमं वाचल्याशिवाय सही करू नका. "देखभाल" या शब्दात उजेड येत नाही. आकडा लिहून घ्या. विकतचं असेल तर सुटे भाग किती वर्षं मिळतील ते लेखी मागा. सोनीने २०२० मध्ये थिएटरच्या प्रोजेक्टरांचा धंदा बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा जगभरच्या मालकांना हा प्रश्न आयत्या वेळी पडला. आणि जुनं यंत्र घेताना दिव्याचे तास विचारून भागत नाही, ते नव्या दिव्याबरोबर शून्यावर येतात. यंत्राचे एकूण तास मेनूमध्ये वेगळे असतात, मेनूचं ते पान उघडून दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.